रिफॉर्मर पिलाटेस: लोकांच्या अनुभवांवरून स्टुडिओ कसा पारखायचा?

शिशिरसावली

रिफॉर्मर पिलाटेस (स्प्रिंग लावलेल्या सरकत्या गादीच्या यंत्रावरचा व्यायाम) सुरू करायचंय. दोन स्टुडिओंबद्दल लोकांनी लिहिलेले अनुभव वाचून काढले. पाच तारे देणारे दोन्हीकडे भरपूर आहेत, पण "मस्त वातावरण", "घाम निघाला", "दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना" यातून हाती काही लागत नाही. तक्रारी मात्र नेमक्या आहेत. त्यांचा अर्थ लावायला मदत हवी आहे.

एकाची मान पहिल्याच तासात आखडली. दोघांचे खांदे वरच्या बाजूला दुखत राहिले. एकीच्या मांडीला मागून गोळा आला. एकाचं म्हणणं असं, की "सोपं करा" म्हटल्यावर इन्स्ट्रक्टरने स्प्रिंग हलकी केली आणि व्यायाम उलट कठीण झाला, म्हणजे शिकवणाऱ्यालाच कळत नाही. शिवाय बऱ्याच जणांची तक्रार आहे, की "एक लाल, एक निळी" असं ओरडून सांगतात आणि आपण स्प्रिंग शोधेपर्यंत बाकीचे सुरू झालेले असतात.

यातलं नवशिक्याला होतंच असं काय, आणि स्टुडिओचा दोष काय? एकीकडे बॅचला १२ रिफॉर्मर आणि एक इन्स्ट्रक्टर, दुसरीकडे ५. माझी कंबर बसून बसून आखडते, निदान झालेला आजार नाही. मनगटं कमजोर आहेत. पॅकेजचे पैसे भरण्याआधी काय विचारावं?

तिसरी स्प्रिंग (पिलाटेस शिकवते)

स्प्रिंगच्या तक्रारीपासून सुरू करते, कारण तुम्ही दिलेल्या यादीतल्या निम्म्या गोष्टींचं मूळ तिथेच आहे.

स्प्रिंग कॅरेजला (रुळांवर सरकणारी गादी) कायम फूटबारच्या (टोकाचा आडवा दांडा) दिशेने ओढत असते. पाठीवर झोपून पायांनी बार ढकलता तेव्हा तुम्ही त्या ओढीच्या विरुद्ध काम करता, म्हणून स्प्रिंग जड तितके पाय जास्त राबतात. पण हात फूटबारवर, पाय कॅरेजवर असा प्लँक (अंग फळीसारखं ताठ धरणं) घेतला की चित्र पालटतं. तिथे कॅरेज मागे पळू पाहते आणि तिला परत आणायला स्प्रिंग तुम्हाला मदत करते. हलकी केली की मदत घटते आणि पोटाचं काम वाढतं. उभं राहून एक पाय स्थिर फळीवर, एक कॅरेजवर ठेवून पाय फाकवण्याच्या व्यायामात तर एकाच हालचालीत दोन्ही दिसतं: जड स्प्रिंगवर बाहेर ढकलताना खुब्याच्या बाजूचे स्नायू राबतात, हलकीवर कॅरेज सावरून आत आणताना मांडीचे आतले. तेव्हा "हलकी केली आणि कठीण झालं" यात यंत्राची काहीच चूक नाही. मात्र प्लँकमध्ये सोपं करून मागितलं असताना स्प्रिंग काढली असेल, तर ती शिकवणाऱ्याची चूक आहे आणि ती तक्रार मी गंभीरपणे घेईन.

आता आकडे. स्टुडिओतल्या बहुतेक यंत्रांना ४ किंवा ५ स्प्रिंग असतात. बॅलन्स्ड बॉडीच्या यंत्रांवर लाल म्हणजे पूर्ण, निळी साधारण अर्धी, पिवळी पाव, हिरवी लालपेक्षा जड. दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे असू शकतात. म्हणून रंग पाठ करू नका, वजन लक्षात ठेवा: पूर्ण, अर्धी, पाव. नवशिक्यासाठी मी साधारण इथून सुरू करते. झोपून फूटवर्क (पायांनी बार ढकलणं): अडीच ते तीन पूर्ण. पाय स्ट्रॅपमध्ये (दोऱ्यांच्या टोकांचे लूप) घालून गोल फिरवणं: दीड ते दोन. झोपून हातांचे व्यायाम: एक, फार तर दीड. गुडघ्यांवर उभं राहून हात: अर्धी किंवा एक. प्लँक: दोन, आणि जमू लागलं की कमी. हे फक्त सुरुवातीचे अंदाज. छोट्या चणीच्या माणसाला तीन पूर्ण स्प्रिंग जड होतात, दणकट माणसाला अपुऱ्या पडतात.

चुकलेली स्प्रिंग शरीर लगेच दाखवतं. फूटवर्कमध्ये परत येताना कॅरेज तुमच्या आधी धावते, पोट फुगून वर येतं, खांदे कानांकडे सरकतात: जड आहे. गुडघे ताडकन सरळ होऊन मागे जातात: हलकी आहे, किंवा वेग जास्त आहे. स्ट्रॅपमध्ये पाय खाली नेताना कंबर गादीवरून उचलली जाते: हलकी आहे, कारण दोरीचा ताणच पायांना पेलत असतो. माकडहाड वर उचललं जातं: जड.

खांदे दुखण्याचं कारणही यातच आहे. तुम्ही बार ढकलता, तो जोर धडातून जाऊन शोल्डर रेस्टवर (कॅरेजवरचे खांद्यांचे आधार) पडतो आणि त्यानेच कॅरेज सरकते. स्प्रिंग जास्त असली किंवा रेस्टमधलं अंतर तुमच्या खांद्यांना जुळत नसलं की तेवढ्या भागावर दाब येतो. बऱ्याच यंत्रांवर हे रेस्ट रुंद-अरुंद करता येतात, काहींवर येत नाहीत. खांदे रेस्टला टेकलेले हवेत, रुतलेले नकोत. अर्धी स्प्रिंग काढून पाहा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

मांडीच्या मागचा गोळा बहुधा ब्रिजमध्ये आला असणार. पाय बारवर ठेवून कंबर उचलताना कॅरेज जागेवर धरून ठेवायची असते. स्प्रिंग कमी असेल तर ती बाहेर सरकू लागते आणि तिला खेचून धरण्याचं सगळं काम मांडीच्या मागच्या स्नायूंवर येतं. एक स्प्रिंग वाढवा, टाचा बारवर नीट रोवा, कंबर थोडी कमी उचला. तळपायाला गोळा येतो तो वेगळा. बोटांनी बार आवळून धरल्यामुळे येतो, बोटं लांब सोडली की जातो. हे नवशिक्याला होतंच. पण गोळा आल्यावर इन्स्ट्रक्टरने जवळ येऊन काही बदललं की नाही, ते अभिप्रायात शोधा.

मानेचं थोडक्यात. डोकं उचलून करायच्या व्यायामात नजर मांड्यांकडे हवी, छताकडे नको. मान थकली तर डोकं टेकवून पायांचं काम चालू ठेवायचं. ज्या व्यायामात कंबर डोक्याच्या दिशेने वर गुंडाळली जाते, तिथे हेडरेस्ट आधी सपाट करायलाच हवा. तो उभा राहिला तर शरीराचा भार वाकलेल्या मानेवर येतो. हे सांगायला विसरणारा वर्ग मी नवशिक्यासाठी धोक्याचा मानते.

सरळरेघ (फिजिओथेरपिस्ट)

वरच्या उत्तराला जोड देतो. पैसे भरण्याआधी पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे स्टुडिओ तुम्हाला काय विचारतो. पहिल्या तासाआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतला आणि तो वाचून त्यावर एक तरी प्रश्न विचारला, तर ते चांगलं लक्षण. फक्त सही घेऊन फाइलमध्ये गेला, तर त्या फॉर्मचा तुम्हाला उपयोग नाही.

फॉर्ममध्ये लपवू नयेत अशा गोष्टी: हाडं ठिसूळ झाली असतील (ऑस्टिओपोरोसिस) तर पाठ गोल करून भार घेण्याचे आणि जोरात पिळण्याचे व्यायाम टाळावे लागतात, कारण मणक्याचा पुढचा भाग चेपला जाऊ शकतो. फूटवर्क, हातांचे आणि उभ्याचे व्यायाम मात्र बहुतेकांना जमतात. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली, कंबर वर अशा स्थिती नकोत. रक्तदाबवाल्यांनी श्वास रोखून जोर लावणंही टाळावं. गरोदरपणात पहिल्या तिमाहीनंतर बराच वेळ सपाट पाठीवर झोपून काम करत नाहीत, टेकू देऊन धड वर घेतात. गुडघा बदलला असेल तर गुडघ्यांवर बसायच्या व्यायामांना पर्याय लागतो. सांधे जास्त लवचीक असणाऱ्यांना रिफॉर्मर फार सोपा वाटतो आणि नेमके तेच गुडघे व कोपर मागे लॉक करून दुखवून घेतात. त्यांना हालचाल शेवटाच्या थोडी आधी थांबवायला शिकवावं लागतं.

तुमच्या कमरेबद्दल: २०१५ मध्ये कॉक्रेनचा (वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणारी संस्था) एक आढावा आला. कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा किंवा नाममात्र उपचारापेक्षा पिलाटेसने वेदना आणि हालचालींत फरक पडतो असं त्यात दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कमी ते मध्यम होता. दुसऱ्या व्यायामप्रकारांपेक्षा पिलाटेस वरचढ आहे, असा निष्कर्ष काढता आला नाही. म्हणून "आमच्याकडे पाठ बरी होते" असं छातीठोकपणे सांगणारा स्टुडिओ मला खटकतो. तुम्हाला नियमित करवेल असा व्यायाम निवडा, रिफॉर्मर आवडला तर उत्तमच. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, पाय लुळा वाटत असेल, तर आधी डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी, तातडीने.

मनगटांसाठी: फूटबारवर हात ठेवताना तळव्याचा मनगटाजवळचा भाग बारवर यावा आणि मनगट मागे मोडू नये. अंगठा बाकीच्या बोटांसोबत ठेवला की पकड आवळली जात नाही. तरीही दुखलं तर कोपरं टेकवून प्लँक मागा. चांगल्या इन्स्ट्रक्टरकडे तो पर्याय तयार असतो.

स्नायू दुखणं २४ ते ७२ तास राहून विरत गेलं तर ठीक. सांध्याच्या आत टोचणं, एकाच बाजूला तीक्ष्ण कळ, किंवा तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारं दुखणं हे "अंग मोडलंय" म्हणून सोडून देऊ नका. पाय थरथरणं म्हणजे स्नायू थकलेत, एवढंच. जास्त थरथर म्हणजे जास्त चांगला वर्ग, असं नसतं.

शिशिरसावली

दोघांचे आभार, स्प्रिंगचं गणित आता कुठे उलगडलं. दोन गोष्टी राहिल्या. "कॅरेज धाडधाड आपटते, सारखा आवाज" असं एका ठिकाणाबद्दल तिघांनी लिहिलंय. यंत्र खराब की करणारे? आणि स्प्रिंग तुटू शकते का, हे वाचून धास्ती बसली आहे.

रूळ आणि चाक (स्टुडिओंच्या यंत्रांची देखभाल करतो)

आवाज दोन प्रकारचे, ते आधी वेगळे करा.

कॅरेज घरी (फूटबारजवळच्या मूळ जागी) पोचताना "धाड" होतं, तो करणाऱ्याचा किंवा वेगाचा आवाज. स्प्रिंग जितकी ताणाल तितकी जोरात ओढते, त्यामुळे परतीच्या सुरुवातीलाच ओढ सगळ्यात जास्त असते. तिथे ब्रेक लावला नाही तर कॅरेज वेग पकडून स्टॉपरवर येऊन आदळते. दोन मोजत बाहेर, तीन किंवा चार मोजत आत, असा ठेका धरला की बहुतेकांचं आपटणं पहिल्या काही तासांत थांबतं. पूर्ण वर्ग महिनोन् महिने आपटत असेल तर संगीताचा ठेका लोकांना झेपत नाहीये आणि कोणी थांबवत नाहीये.

घरघर, खडखड, सरकताना मधेच अडखळणं हा यंत्राचा आवाज. चाकांत केस आणि धूळ गुंडाळली जाते, रुळांवर थर बसतो. हे दर आठवड्याला पुसायचं काम आहे. रुळांवर साधं तेल घालणारे भेटतात. तेलाला धूळ चिकटते आणि पंधरा दिवसांत आधीपेक्षा वाईट होतं.

स्प्रिंग तुटते का? जुनी झाली की तुटू शकते, आणि दरवेळी आधी सूचना देतेच असं नाही. म्हणून उत्पादक मुदत ठरवून देतात. बॅलन्स्ड बॉडीची शिफारस दर दोन वर्षांनी बदलण्याची आहे. दिवसभर बॅच चालणाऱ्या जागी मी यात सूट देत नाही. तुम्हाला स्वतःला पाहता येईल असं: सैल असताना वेटोळी एकमेकींना चिकटलेली हवीत. मधे फट, वाकलेलं वेटोळं, गंज किंवा हुकाजवळ झिजलेला धातू दिसला तर त्या यंत्रावर झोपू नका, सांगा आणि दुसरं घ्या. दोरी पुलीवरून जाते तिथे आणि क्लिपजवळ विसविशीत होते, तिथे बोट फिरवा. दोन्ही दोऱ्यांची लांबी सारखी आहे का, ते कॅरेज घरी असताना दोन्ही लूप शेजारी धरून पाहा. एक जरी दोन बोटं लांब असली तरी प्रत्येक व्यायामात कंबर एका बाजूला ओढली जाते आणि लोक वर्षभर "माझी उजवी बाजू कमजोर आहे" समजत राहतात.

"स्प्रिंग शेवटच्या कधी बदलल्या?" असं स्टुडिओत सरळ विचारा. महिना आणि वर्ष सांगता आलं तर नोंद ठेवली जाते. "त्या खराब होत नाहीत" असं उत्तर आलं तर मी तिथे पैसे भरणार नाही.

स्प्रिंग बदलताना कॅरेज पूर्ण घरी, दुसरा हात फूटबारवर, आणि बोटं रुळावर कधीच नाहीत. स्प्रिंग न लावता कॅरेजवर चढायचं तर अजिबात नाही, ती पायाखालून निघून जाते.

सकाळची बॅच (जुनी सदस्य)

१२ विरुद्ध ५ बद्दल मत थोडं वेगळं आहे. संख्या महत्त्वाची, पण त्याआधी पातळी. बाराही जण नवशिके असतील आणि व्यायाम मोजकेच सात-आठ असतील तर एक इन्स्ट्रक्टर कसाबसा सांभाळू शकतो. पाच जणांत एक काल आलेला, एक बाळंतपणानंतरची आणि तीन जुने असतील, तर लक्ष जास्त फाटतं. "फक्त नवशिक्यांसाठी" अशी स्वतंत्र बॅच आहे का, आणि त्यातून पुढे कधी पाठवायचं हे कोण ठरवतं, ते विचारा. ॲपवर बुकिंग करताना कोणालाही कुठल्याही पातळीची बॅच घेता येत असेल तर पातळी फक्त कागदावर आहे.

घाईच्या स्प्रिंगबदलावर उपाय: पहिल्या तासाला दहा मिनिटं आधी जा आणि रिकाम्या यंत्रावर स्प्रिंग लावणं-काढणं, फूटबार वर-खाली करणं, हेडरेस्ट सपाट करणं हे हाताने करून घ्या. मग वर्गात डोकं यंत्रात अडकत नाही. हे करू देत नसतील तर तोही एक अभिप्रायच.

पैशांच्या तक्रारी जवळपास सगळ्या न वाचलेल्या नियमांच्या असतात, म्हणून लिहून घ्या: पॅकेजची मुदत पहिल्या वर्गापासून की पैसे भरल्यापासून. रद्द करायची सूचना किती तास आधी (१२ किंवा २४ सर्रास दिसतात). उशीर झाला तर किती मिनिटांनी दार बंद, कारण वॉर्म-अप चुकलेल्याला आत घेत नाहीत आणि तो वर्ग वजा होतो. दुखापत झाली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॅकेज थांबवता येतं का. वेटिंगवरून आपोआप नाव लागलं आणि कळलंच नाही, तर भुर्दंड कोणाला. ग्रिपचे मोजे बहुतेक ठिकाणी सक्तीचे असतात.

तिसरी स्प्रिंग

पातळीचं म्हणणं मान्य. तरी एका इन्स्ट्रक्टरमागे बारा नवशिके मला जास्तच वाटतात, एकाला हात लावून सुधारेपर्यंत अकरा जणांकडे पाठ होते. जमलं तर आधी तीन-चार तास एकट्याने घ्या, मग बॅच. आठवड्यातून दोनदा पुरे.

प्रशिक्षणाचं राहिलं. २००० साली मॅनहॅटनच्या न्यायालयाने "पिलाटेस" हे नाव कोणा एकाची मालकी नाही असा निकाल दिला, त्यामुळे पाटीवर ते नाव कुणीही लावू शकतो. म्हणून नावाकडे न पाहता तास विचारा. मॅट, रिफॉर्मर आणि कॅडिलॅक, चेअर, बॅरल ही पिलाटेसची इतर साधनं असं सगळं शिकवणारे पूर्ण अभ्यासक्रम साधारण ४५० तास किंवा त्याहून जास्त असतात, त्यात निरीक्षण आणि सरावाचे तासही धरतात. दोन-तीन दिवसांचे रिफॉर्मर कोर्सही आहेत. त्यातून व्यायाम पाठ होतात, पण वाकलेली कंबर पाहून काय बदलायचं ते येत नाही.

शिशिरसावली

पाच यंत्रांच्या ठिकाणी उद्या चाचणी वर्ग घेतलाय. स्ट्रॅपमध्ये पाय घालणं-काढणं जमेल का याचीच काळजी आहे. क्रम सांगाल?

तिसरी स्प्रिंग

घालताना: कॅरेज घरी, टाचा फूटबारवर, गुडघे वाकलेले. दोन्ही लूप हातात घ्या. एक गुडघा छातीकडे आणून त्या पायात लूप घाला, तळपायाच्या कमानीवर बसवा, बोटांवर नको. दुसरा पाय तोवर बारवरच. मग दुसरा. दोन्ही बसले की गुडघे वाकलेलेच ठेवून टाचा जोडा, मग पाय तिरके वर सरळ करा.

काढताना उलट, आणि इथेच लोक घाई करतात. आधी गुडघे पूर्ण वाकवून कॅरेज स्टॉपरला टेकू द्या. टेकल्याचं जाणवल्याशिवाय हात लूपकडे नेऊ नका. एक पाय काढा, तो बारवर ठेवा, लूप हातात धरून ठेवा, मग दुसरा. दोरीत ताण असताना लूप निसटला तर कॅरेज घरी आपटते आणि लूप तोंडावर येऊ शकतो.

गोल फिरवताना खुब्यात "टक" असा आवाज आला आणि दुखत नसेल तर घाबरू नका, गोल निम्मा करा आणि पाय किंचित बाहेर वळवा. दुखलं तर थांबा आणि हात वर करा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटा देऊन बसा आणि पाय जमिनीवर पोचेपर्यंत स्प्रिंग काढू नका.